फ्लॉवरहॉर्नची मुक्ती आणि मरळीची पिल्लं

आज सकाळी माझ्या नव्या पांढऱ्या बुटांचं चिखलात दुःखद निधन झालं. सोसायटीच्या ग्रुपवर साधी श्रद्धांजलीही नाही!

झालं असं, की भरभराटीसाठी घरात आणलेला फ्लॉवरहॉर्न मासा टाकीत मावेना. म्हणून त्याला मुक्ती द्यायला चिखलीजवळच्या बंद खडीखाणीच्या तळ्यावर गेलो. बादली कलती करणार, तोच मागून आरोळी आली.

"आवो सायब, काय सोडताय?"

"पुण्य कमावतोय, काका."

"तुमचं पुण्य आमची समदी पिल्लं खाईल की!"

काका तिथले जुने गावकरी. खडीचा क्रशर बंद झाल्यापासून तळ्याच्या काठानं पाणकणीस, म्हणजे पाण्यातलं उंच गवत, लावतात. त्यांनी बोट दाखवलं. पाण्यावर मरळ माशाच्या लालसर पिल्लांचा पुंजका होता आणि खाली त्यांची आई पहारा देत होती.

"लई वर्सांनी आलीय," काका हळूच म्हणाले.

मी बादली माशासकट मागे घेतली. चिखलानं बूट गिळलेले पाहून काकांनी मला स्वतःच्या चपला दिल्या आणि ते खडीवरून अनवाणी गेले. काका, तुम्ही वेळेवर ओरडलात, हे उपकारच.

मंडळी, तुमच्या बादलीत कुठलं पुण्य आहे?

संध्याकाळी चपला धुऊन काठावर ठेवल्या. सकाळी माझ्या पायाखाली उखडलेली पाणकणसं पुन्हा रोवली आणि काका यायच्या आत निघालो.