माझ्या लेकीची ताई

माझं काम तरुण पोरांच्या मनाचं. मानसशास्त्रात संशोधन करते. चिखलीतली कॉलेजं, चाकणच्या कंपन्यांत नुकती चिकटलेली ट्रेनी मुलं, यांच्यात फिरायचं आणि मन बिघडायला लागतं तेव्हाच, आजार होण्याआधी, हात कसा द्यायचा ते शोधायचं. पालकांच्या सभेत मी ठणकावून सांगते, "पोरांना मन मोकळं करायला एक मोठं माणूस लागतं. ते तुम्हीच असलं पाहिजे असं काही नाही." टाळ्या पडतात.

आणि माझीच बारावीतली पोरगी गप्प झाली. जेवण खोलीत, दाराला कडी. एकदा आत जाऊन बसले आणि, कप्पाळ माझं, तोंडातून निघालं ते कामावरचंच, "तुला खूप एकटं वाटतंय, असं जाणवतंय मला. बरोबर?"

ती म्हणाली, "आई, मी तुझी केस नाहीये."

मग एका रविवारी पुनावळ्यात मिसळीच्या हॉटेलात ती दिसली. समोर माझी सहायिका. लातूरकडची, मारुंजीत भाड्यानं राहणारी, मीच हाताखाली तयार केलेली, कामासाठी घरी येणारी मुलगी; लेक तिला ताई म्हणायची. माझी लेक हातवारे करत बोलत होती, मध्येच डोळे पुसत होती, हसतसुद्धा होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जन्म मी दिला आणि हिची ताई ती!

दुसऱ्या दिवशी सहायिकेला गाठलं. "काय म्हणत होती गं?"

"ते नाही सांगता येणार, मॅडम. जिवाला धोका असला तरच घरी सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंय की. तसं काही नाहीये, एवढं नक्की."

पुढचे कित्येक दिवस तिच्या कामात खुसपटं काढत राहिले. इकडे पोरगी जेवायला बाहेर येऊ लागली, अभ्यासाला बसू लागली. संशोधक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद! हे माझ्या हातून का नाही झालं, म्हणून जळत होते मी.

पुढे सहायिकेला नागपूरला नोकरी लागली. मनातल्या मनात मी पेढे वाटले. जेवताना लेकीला सांगूनच टाकलं, "तुझी ताई चालली बरं का नागपूरला." म्हटलं, आता येईल माझ्याकडे.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. रागानं नाही, अगदी खरंखुरं विचारलं, "आई, मग आता मी कुणाशी बोलू?"

मी समोरच बसले होते. "नागपूरला फोन लागत नाही होय?" म्हणाले, आणि माझ्याच फोनवरून तिच्या ताईला फोन लावून तिच्या हातात दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन खरकटी भांडी घासायला घेतली आणि नळ पूर्ण सोडला. माझ्या कानांचा मला भरवसा नव्हता.