काळ्या तारा

बाबांच्या तरुणपणातली मोटारसायकल आता माझ्या धाकट्या भावाकडे जायची होती. त्याला मुलचेऱ्यात नोकरी लागली होती. ऊर्जानगरहून रविवारी दुपारी निघाला, तरी जंगलातल्या शेवटच्या वळणांवर अंधार त्याला गाठणारच. त्या वळणांवरून नुकताच एक गुराखी परतला नव्हता; वाघाने नेला होता. भावाच्या सोबतीला फक्त दिवा आणि हॉर्न.

म्हणून बाबांनी हॅन्डलवरचे स्विच नव्याने जोडायला घेतले. मी तारा ओढून देत होते. सोल्डरचा कडवट धूर घशात उतरत होता. जुन्या गाडीत स्विचमधली वीज लोखंडी सांगाड्यातूनच बॅटरीकडे परतते. पण बाबांची हयात वीजकेंद्रात गेलेली. तिथे यंत्राच्या अंगात करंट येणे म्हणजे मरण. त्यांनी एक सोबती यंत्राला चिकटलेला पाहिला होता. त्यांनी सांगाडा टाळला. दोन्ही दिवे आणि हॉर्न, सगळ्यांना परतीच्या वेगळ्या काळ्या तारा घातल्या आणि त्या सगळ्या पुढच्या दिव्याच्या वाटीत एकाच स्क्रूखाली आवळल्या.

भाऊ हसला. “बाबा, गाडी हाय, पावरहाऊस नाई. बारा व्होल्टानं कोणी मरते काय?”

“ज्यानं पाह्यलं नाई, त्यानंच असं बोलावं.”

शनिवारी दिवेलागणीला मी गाडी वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या रस्त्यावर नेऊन पाहिली. एका खड्ड्यात ती आदळली आणि दिवा गेला. हॉर्न दाबला, तो मुका. मागचा तांबडा ठिपकाही विझलेला. एक स्क्रू ढिला झाला होता, आणि सारेच एकदम गेले होते. इंजिन तेवढे धडधडत राहिले. तेव्हा डाव्या हाताच्या बाभळींतून गरम भाताच्या पेजेसारखा वास आला. वाघाने झाडावर धार मारली की असा वास येतो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. मी अंधारातच गाडी वळवली.

घरी येऊन सांगितले. बाबांनी दिव्याची वाटी उघडली, ढिला स्क्रू बोटाने फिरवून पाहिला. मग पॉलिश पेपर माझ्या हाती दिला.

“तूच घास माय. माह्या हातानं त्याच्या गाडीच्या अंगात करंट सोडणं होत नाई.”

हॅन्डलच्या पकडीखालचा, सांगाड्यावरचा रंग मी लोखंड उघडे पडेतो घासला आणि प्रत्येक काळ्या तारेला सांगाड्यावर तिची वेगळी जागा दिली, म्हणजे एक सुटली तरी बाकीच्या चालतील.

रविवारी निघताना बाबांनी भावाला रबरी हातमोजे दिले. त्याने थट्टा न करता ते चढवले.

आता ऊन गच्चीवरून उतरले आहे. बाबा फोन मांडीवर घेऊन बसले आहेत. आत्तापर्यंत त्याने जंगलातले पहिले वळण गाठले असेल.