पारूबाईच्या पेरूंचा उपास

कुरुंदवाडच्या शिवारात ज्याच्या त्याच्या डोक्यात ऊस. त्यात पारूबाईची पेरूची बाग म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. आणि दर पावसाळ्यात त्या बागेत मर शिरायची. चांगलं हिरवं झाड पिवळं पडायचं न् बघता बघता उभ्यानं वाळायचं. औषधं ओतून बाई दमली. नवरा दादासो एकदाचा बोलला, “औंदा गेली तर गेली. उपटून ऊस लावतो.” रोपापासनं वाढवलेली झाडं तिची, पण निकाल त्याचा!

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात शेतीखात्याचा एक माणूस बांधावर आला. म्हणाला, “बाई, रोगाच्या मागं किती पळणार? झाडच दणकट करा. वर्षातनं दोनदा फळ घेता, उसागत पाणी पाजता, वर युरिया. झाड फुगतंय, पर आत जोर न्हाय. एक बहार सोडा. उन्हाळ्यात पाणी तोडा, पानं गळू द्यात, झाडाला इसावा द्या. पावसाच्या तोंडाला शेणखत न् निंबोळी पेंड घाला.”

पारूबाईनं ऐकलं. हिवाळ्यातली फुलं हातानं खुडली. मान वर करून करून अवघडली. उन्हाळ्यात पाणी तोडलं आणि झाडं उघडी पडली. बांधावरनं जाणारी बयाबाई ओरडलीच, “पारू, झाडास्नी उपास धरायला लावलास व्हय गं?” पारूबाई कसनुसं हसली. रोज सकाळी नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

मे महिन्यात लेकीचं, मनालीचं दुसरं बाळंतपण आलं. लेकीच्या सासरी कागलला निघताना पारूबाईनं दादासोला बजावलं, “अवो, काय बी करा, पर पाण्याला हात लावू नगा.”

पण दादासो पडला पाटकरी. उभा जन्म लोकांच्या उसाला पाणी पाजण्यात गेलेला. भेगाळलेली जमीन दिसली की ह्या बाबाचे हात शिवशिवायचे.

पारूबाई परत आली तर प्रत्येक आळ्यात चिखल आणि झाडांवर लुसलुशीत पालवी. दादासो कौतुकानं म्हणाला, “बघ की, कशी तरारल्यात! वाळून चाललीती गं, माझ्यानं बघवंना. दोनदा दारं धरून पाणी सोडलं, मूठ मूठ युरिया बी टाकला.”

पारूबाई पिशवी मांडीवर घेऊन बांधावरच बसली. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण पाहिजे की! तिला नुसतं रडू आलं.

पाऊस लागला तशी पिवळी पानं दिसू लागली. श्रावण सरेपर्यंत पाऊण बाग वाळली. दादासो कुऱ्हाड घेऊन गेला खरा, पण त्याचा हात उठेना. कुऱ्हाड टाकून तो खाली बसला. “पारू, चुकलो गं. तहानलेली दिसली मला झाडं.”

पारूबाई हळू आवाजात म्हणाली, “तहान वळखता की तुमी. उसाची वळखली, पेरूची वळखली. मी रोज रानातनं येऊन चुलीम्होरं बसतो. पाणी देऊ का, म्हणून एकदा तरी इचारलंसा?”

पारूबाईनं पदर खोचला, कुऱ्हाड उचलली आणि पहिल्या झाडाच्या बुंध्यावर घाव घातला.