श्यूरचं यीस्ट

श्यूर गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको एल्ड्रिड हिने तळघरातून यीस्टची बरणी वर आणली. दफनाला येणाऱ्यांना घरचीच बीअर द्यायची, ही त्या खोऱ्यातली रीत. बेचाळीस वर्षं बीअर श्यूरच करायचा, एल्ड्रिड नुसती पिंपं घासायची. पण बघून बघून तिला सगळं पाठ होतं. दर बीअरमधून थोडं यीस्ट विरजणासारखं पुढच्या खेपेसाठी राखायचं; पण आजारपणात दोन वर्षं त्याने काहीच केलं नव्हतं, त्यामुळे बरणीच्या तळाशीच काय ते यीस्ट उरलं होतं.

जवाचा गोड काढा कोमट करून तिने ते सगळं त्यात सोडलं आणि भांडं चुलीच्या कडेला ठेवलं. तेवढ्यात पाद्रीबाईंचा फोन आला. गाणी कोणती म्हणायची, शवपेटी कोण उचलणार, श्यूरला काय आवडायचं? बोलता बोलता एल्ड्रिडला रडू फुटलं आणि भांड्याचा विसर पडला.

परत आली, तर भांड्याचा चटका बसला. फेस नाही, बुडबुडा नाही, नुसता उकडलेल्या पावासारखा वास. तिने भांडं गार पाण्यात धरलं, निवल्यावर ताजा काढा घातला, लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवलं. थोडं जरी जिवंत असलं तरी वाढेल, एवढीच आशा. दुसऱ्या दिवशी दुपारी शाल सोडली, तर काढा तसाच निपचित.

शेजारच्या ओडमुंडला श्यूरनेच कधीकाळी यीस्ट दिलं होतं. ती त्याच्याकडे गेली.

"वाटीभर यीस्ट दे रे. आमचं मी भाजून मारलं."

ओडमुंडने नजर चुकवली. "कुठलं यीस्ट, बाई! फ्रीज बदलला तेव्हाच टाकलं मी. दुकानातल्या पुडीने होतेच की बीअर."

"श्यूरला बोलला नाहीस ते?"

"बोललो असतो तर त्याने मला सोलून काढलं असतं! दर नाताळला माझी बीअर प्यायचा आणि म्हणायचा, बघ, आमचंच यीस्ट! मी म्हणायचो, हो तर."

एल्ड्रिडला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. दुकानातून यीस्टच्या पुड्या घेऊन ती घरी आली.

आठ दिवसांनी दफन झालं. पाहुण्यांनी नेहमीसारखी बीअर घेतली. श्यूरची नव्वदीतली बहीण बोर्गनी हिने मात्र एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"ही आपली नाही."

"नाही. आपलं यीस्ट माझ्या हातून मेलं."

"माझ्या आजीच्या आजीचं होतं गं ते," म्हातारी एवढंच म्हणाली आणि तिने कॉफी मागितली.

एल्ड्रिड कॉफी आणायला उठली. स्वयंपाकघरात ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.