न गंजणारा वस्तरा

चौक गावच्या बाजारात एका वस्तरेवाल्याने मला फसवलं. आमच्या गावच्या न्हाव्याशी माझं भांडण झालं होतं आणि पुन्हा त्याच्यापुढे हनुवटी धरणार नाही, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. आता रोज स्वतःच दाढी करायची, तर आमच्या दमट हवेत न गंजणारा, निगा न मागणारा वस्तरा हवा होता.

वस्तरेवाला आंब्याखाली पोतं पसरून बसला होता. पात्यावर श्वास सोडायचा. धुकं यायचं आणि डोळ्यांदेखत विरायचं. मग बोलता बोलता पातं तळहातावर उलटसुलट फिरवत राहायचा, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं. मी तावातावाने घासाघीस केली. तो चिडला नाही.

"याला तेल, पट्टा काय लागतं?"

"काय बी नाय वो शेट. माजा तर असाच चालतोय."

"खोटं निघालं तर?"

"मी हितंच हाय की. कुटं पळतोय?"

वस्तरा आजही आरशासारखा चमकतो. पण धार थोड्याच दिवसांत गेली. एका सकाळी गालावरचं रक्त पुसताना मला त्याचा तळहात आठवला, जुन्या चामड्यासारखा काळा आणि गुळगुळीत. धार लावायचा पट्टा तोच होता, आणि मी त्या फिरवण्याला नुसती सवय समजून बघत राहिलो.

नंतर कितीदा चौकला गेलो. आंब्याखाली फक्त ऊनसावली हलत असते. वस्तरेवाल्या, पातं मला विकलंस आणि तळहात घेऊन गेलास. असशील तिथून ये आणि याचा जाब दे.