पाटावरचे स्केट्स

खंडेनवमीला इथे आखातात, आमच्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये पाटावर काय काय मांडलं जातं हे बघून माहेरची माणसं हसतात. नवऱ्याची वर्कशॉपमधली मोजपट्टी, माझा लॅपटॉप आणि लेकीचे आइस स्केट्स. "वाळवंटात बर्फावरची हत्यारं!" असं भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणतो. म्हणू दे. पात्यांना धार आहे आणि पोरीचा त्यांच्यावर जीव आहे, म्हणजे ती हत्यारंच. हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

यंदा पूजा आटोपली आणि लेकीच्या स्केटिंग क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. मॉलमधली बर्फाची रिंक बंद होणार हे माहीत होतं. तिथे पर्यटकांसाठी बर्फाची बाग होणार होती, आणि दुसऱ्या रिंकवर मुलांच्या सरावाला वेळच उरलेला नव्हता. पण आम्हाला महिनाअखेर सांगितली होती. आता लिहिलं होतं, आज दुपारी शेवटचं. उद्यापासून खलास.

लेक पाटासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, मागितलं नाही, नुसती बघत राहिली. तेरा वर्षांची पोर हट्ट करत नाही तेव्हा फार जड जातं.

"घे उचलून," मी म्हणाले.

"आर यू शुअर? देवी?"

"देवीचं माझं मी बघते. यल्ला, चल."

रस्ताभर ऊन असं पांढरं होतं की समोरचे टॉवर त्यात विरघळल्यासारखे दिसत होते. स्केट्स तिच्या मांडीवर होते, कुंकवासकट. मला वाटत होतं, हा रस्ता असाच लांबत जावा, मॉल येऊच नये, म्हणजे शेवटचं असं काही सुरूच होणार नाही.

आत गेलो तसा तो ओळखीचा गारवा अंगावर आला. थोड्याच वेळात गार पडलेल्या चष्म्यावर माझ्याच श्वासाचं धुकं धरलं, ते मी पुसलं नाही. बर्फ सपाट करणारं मशीन नुकतंच फिरून गेलं होतं आणि सगळी रिंक सारवलेल्या अंगणासारखी ओली चमकत होती. पोरी एकेक करून आत उतरल्या. कोच दरवेळी ओरडते, त्या दिवशी तिने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. "जस्ट स्केट, हबीबी," एवढंच म्हणाली.

लेकीने ना उडी मारली, ना गिरकी घेतली. हात किंचित उघडे ठेवून ती कडेकडेने संथ फिरत राहिली. पहिल्या फेरीला तिच्यामागे बर्फावर कुंकवाची बारीक रेघ उमटली, मग विरली. धुरकट काचांमधून मला ती कधी चार वर्षांपूर्वीची दिसे, भिंत धरून चालणारी, कधी पार मोठी, माझ्या ओळखीची नसलेली बाई. मी स्वेटर घट्ट लपेटून बसले होते, आणि वाईट वाटत होतं, सरळ सांगायचं तर फार वाईट वाटत होतं, तरी त्या वेळी मी सुखात होते.

घरी आल्यावर तिने पाती कोरडी पुसली, स्केट्स पाटावर ठेवले आणि स्वतःच्या हाताने पुन्हा कुंकू लावलं.

दसऱ्याला सकाळी मी अक्षता हातात घेतल्या. मोजपट्टीवर वाहिल्या, लॅपटॉपवर वाहिल्या. लेक खोलीतून आली.

"आई, डोन्ट. नॉट द स्केट्स."

"अगं, उत्तरपूजेशिवाय ते उचलता येत नाहीत."

"आय नो. देन दे आर जस्ट रेस्टिंग."

मी अक्षता परत वाटीत टाकल्या.

दिवाळी होऊन गेली. लक्ष्मीपूजनाला मी शेजारणीकडून दुसरा पाट आणला. नवरा एकदा काहीतरी म्हणायला गेला, मी डोळे वटारले. परवा तिला शाळेचे बूट घ्यायला गेलो, तर पाय चांगला एका नंबराने वाढलेला. दुकानदार कौतुकाने हसला. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि दोघींनीही स्केट्सचा विषय काढला नाही.