मॅरिसोलच्या आजीची कॅसेट

माझ्या गाडीत एक मेलेली बाई रोज सकाळी प्रश्न विचारते.

घाबरू नका. कॅसेट आहे.

आवाज मॅरिसोलच्या आजीचा. आणि मॅरिसोलला जाऊन आज एक वर्ष झालं.

मॅरिसोल माझी ऑफिसातली मैत्रीण. रीडिंग ते स्लाऊ, चार वर्षं आम्ही कार शेअर केली. गाडी तिची, चहाचा फ्लास्क माझा.

तिचे आईवडील सत्तरच्या दशकात चिलीतल्या लष्करी राजवटीतून जीव वाचवून इथे इंग्लंडला आलेले. ही तेव्हा तीन वर्षांची. फोन परवडायचा नाही, म्हणून आजी तिकडून कॅसेटवर बोलायची आणि पोस्टाने पाठवायची.

त्यातली एकच उरली होती. ती गाडीत वाजायची.

आजी भरभर बोलायची. मागे कोंबडा आरवायचा. मग ती काहीतरी विचारायची आणि थांबायची. नातीने उत्तर द्यावं म्हणून टेपवर चक्क जागा सोडलेली.

त्या जागेत मॅरिसोल, पस्तिशीची बाई, स्टिअरिंग धरून म्हणायची, "येस, अबुएला."

अबुएला म्हणजे आजी.

आणि मग टेपमधली आजी हसायची. ऐकू आल्यासारखी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेपकडे बघत विचारलं,

"काय विचारते गं ती?"

"आय हॅव नो आयडिया."

तिला स्पॅनिश येत नव्हतं. म्हणजे सात वर्षांची होईपर्यंत येत होतं. मग एका ख्रिसमसला, चिलीची सगळी कुटुंबं जमलेली असताना, तिने स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. शाळेतल्या इंग्लिशच्या वळणाने. सगळे अंकल हसले. तिचे बाबा सगळ्यात मोठ्याने.

"कौतुकानेच हसले गं," ती म्हणाली. "पण मी परत तोंड उघडलं नाही."

मोठेपणी तिने फार शोधलं. साल्सा क्लासला गेली, तर शिकवणारा म्हणे, तुझ्या रक्तातच असेल. तिचे पाय तर माझ्यासारखेच, एक इकडे एक तिकडे. स्पॅनिशच्या क्लासला गेली, तर आडनाव वाचून टीचरने तिलाच आधी उभं केलं. दोन आठवड्यांत सोडला. साउथ लंडनमधल्या लॅटिन अमेरिकन दुकानात बाई चेहरा बघून घडाघडा बोलायला लागली. ही "सॉरी, सॉरी" करत बाहेर. हातात एम्पनाडा. आपल्या करंजीसारखाच, आत खिमा आणि अंडं.

तो तिने दुसऱ्या दिवशी मला दिला. स्वतः खाल्ला नाही.

"अगं, कुणाकडून तरी त्या टेपचं भाषांतर करून घे की!" मी नागपूरची, मला कुठला धीर.

"नाही. ती मला विचारतेय. मलाच कळायला हवं."

त्याच वर्षी स्लाऊच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीत माझ्या रेवाने स्टेजवर मराठीत आपली ओळख करून दिली. सात वर्षांची पोर. एका काकांनी खाली बसल्या बसल्या तिची नक्कल केली, "माजं नाव रेव्हा!" हॉल हसला.

मीही हसले.

घरी येताना रेवा गाडीत इंग्लिशमध्ये बोलली. मग इंग्लिशमध्येच बोलत राहिली. म्हटलं, होईल हळूहळू. आईची अक्कल, दुसरं काय.

सोमवारी मॅरिसोलला हे गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

मग तिचं दुखणं निघालं. चार महिन्यांत सगळं आटोपलं.

शेवटी वॉर्डात मी तिला जुना वॉकमन नेऊन दिला. त्याला छोटा स्पीकर लावून ती टेप ऐकत होती. आजीने विचारलं, थांबली. मॅरिसोल पुटपुटली, "येस, अबुएला."

सलाईन बदलणारी नर्स कोलंबियाची होती. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "येस काय? ती विचारतेय, तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?"

टेपमधली आजी हसली.

तीस वर्षं. तुझ्या खिडकीतून काय दिसतंय? येस, अबुएला.

मॅरिसोलने खिडकीकडे मान वळवली. "कार पार्क," एवढंच म्हणाली. मग रडली. मी तिचा हात धरून बसले.

त्या रविवारी नागपूरहून आईचा फोन आला, मी स्पीकरवर लावला. "काय गं रेवा, शाळेत काय काय केलंस?"

"हो, आजी," रेवा म्हणाली.

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

आठ दिवसांनी मॅरिसोल गेली. कॅसेट माझ्याकडे ठेवून गेली. मी ती रोज लावते. ती जागा आली की माझ्याच्याने काही बोलवत नाही. उत्तर माझं नव्हेच.

आज सकाळी रेवाला शाळेत सोडायला निघाले होते. सिग्नलला थांबलो. आजीने विचारलं, आणि थांबली.

"व्हॉट डझ शी वॉन्ट, मम्मा? एव्हरी डे?"

"खिडकीतून काय दिसतंय, विचारते."

रेवाने काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"एक लाल बस. एक आजोबा... कुत्रा घेऊन चालला. आणि पाऊस येतो."

मराठीत. दोन वर्षांनी.

मी पुढेच बघत राहिले. मागे वळले असते तर गप्प झाली असती. कसंबसं विचारलं, "मराठीत का गं?"

"शी इज आजी, ना?"

टेपमधली आजी हसली. ती तिथे नेहमीच हसते. मला माहीत आहे. तरीही.

मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले तेव्हा कळलं, सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

मॅरिसोल, तुझ्या आजीला उत्तर मिळालं गं. लाल बस, एक आजोबा, कुत्रा, पाऊस.

तुला आणि अबुएलाला, आम्हा दोघींकडून मनापासून श्रद्धांजली.